पंधरातले आठ रुपये

मार्च महिना हा हिशेबाचा महिना. सरकारी तिजोरीचा हिशेब, बँकांचा वर्षअखेरीचा हिशेब आणि त्याच सुमारास घराघरांतून, रात्रीची जेवणे झाल्यावर, हलक्या आवाजात चालणारा तिसरा हिशेब: मुलाला कोणत्या शाळेत घालायचे? गल्लीच्या टोकाला नगरपालिकेची शाळा आहे, फी नाही, पण शेजारच्यांनी तिथून मुले केव्हाच काढली. बसने जायच्या अंतरावर इंग्रजी माध्यमाची शाळा आहे. तिची फी आहे, गणवेश तिच्याच दुकानातून घ्यायचा आहे, बसचे वेगळे आहेत आणि एका तुकडीत साठ मुले आहेत. खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत दोन गुरुजी आणि अठरा मुले. तालुक्याच्या खाजगी शाळेत बसायला बाक पुरत नाही. तरी ओढा तिकडेच.

हा पेच आपल्याच पिढीच्या वाट्याला आला, असे आपल्याला वाटते. तसे नाही. १९१२ च्या मार्चमध्ये कलकत्त्याला व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात दोन दिवस याच प्रश्नावर वाद झाला. मुलाच्या शिक्षणाचा खर्च कोणी सोसायचा, सरकारने किती, गावाने किती, आईबापांनी किती. शाळा वाढवायच्या की आहेत त्या सुधारायच्या. गरिबाच्या पोराला शाळेत बसवण्याचा अधिकार कोणाला. हा वाद ज्या माणसाने उभा केला तो एके काळचा पुण्यातला शाळामास्तर होता. गोपाळ कृष्ण गोखले.

गोखल्यांचे नाव आपल्याला माहीत आहे, पण एखाद्या रस्त्याचे नाव माहीत असावे तसे. नेमस्तांचे पुढारी, गांधीजींचे राजकीय गुरू, टिळकांचे प्रतिस्पर्धी, एवढ्यात त्यांना आपण आटोपतो. मी त्यांच्याकडे वळलो तो वेगळ्या वाटेने. आयुष्याची बरीच वर्षे आकड्यांच्या नोकरीत गेल्यामुळे त्यांची अंदाजपत्रकावरची भाषणे मी आधी वाचली आणि चरित्र मागाहून. तेव्हा लक्षात आले की या माणसाचे सारे आयुष्य म्हणजे शाळेच्या फीची एक लांबलचक गोष्ट आहे. ती तशीच सांगावी म्हणतो.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचा. घर चित्पावन ब्राह्मणाचे, पण पैशाने फाटके. वडील कृष्णराव कोल्हापूर संस्थानातल्या कागलला नोकरीला होते. आधी कारकुनी, मग फौजदारी. थोरला गोविंद आणि धाकटा गोपाळ हे दोघे भाऊ शिकत होते. १८७९ साली कृष्णराव वारले. गोपाळ तेरा वर्षांचा, गोविंद जेमतेम अठराचा. मागे आई आणि बहिणी.

अशा वेळी घरात जे होते तेच झाले. थोरल्याने शिक्षण सोडले आणि कागललाच नोकरी धरली. पगार दरमहा पंधरा रुपये. त्यातले आठ रुपये तो कोल्हापूरला शिकणाऱ्या धाकट्या भावाला पाठवी आणि उरलेल्या सातांत घर चालवी.

हा आकडा क्षणभर डोळ्यांसमोर धरावा. पगाराच्या निम्म्याहून अधिक रक्कम एका मुलाच्या शिक्षणावर, आणि तीही तो मुलगा पुढे काही कमावील या भरवशावर. तारण काही नाही. कर्ज मंजूर करणाऱ्या कोणत्याही अधिकाऱ्याने असा प्रस्ताव हातात घेतला नसता. गोविंदरावांनी तो हिशेब मनातल्या मनात मंजूर केला आणि वर्षानुवर्षे पाळला.

आठ रुपयांत राहणाऱ्या मुलाच्या कथा सगळ्या चरित्रांत आहेत. एका मित्राने नाटकाला नेले आणि मागाहून तिकिटाचे पैसे मागितले, तेव्हा दिव्याच्या तेलाचे पैसे वाचवून गोपाळने ते फेडले आणि रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केला, असे सांगतात. मॅट्रिक झाल्यावर पुढे शिकवायचे की नोकरीला लावायचे असा प्रश्न आला, तेव्हा वहिनींनी आपले दागिने पुढे केले, असेही सांगतात. १८८१ साली मॅट्रिक, मग कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, पुण्याचे डेक्कन, शेवटी मुंबईचे एल्फिन्स्टन. तिथे दरमहा वीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि १८८४ साली, अठराव्या वर्षी, गोपाळराव बी. ए. झाले.

या कथा मुलांना सांगताना आपण गोपाळच्या जिद्दीवर बोट ठेवतो. मला त्यात गोविंद दिसतो. घरात शिकण्याजोगी दोन मुले होती आणि पैसा एकाच्या शिक्षणापुरता होता. एक शाळेत राहिला, कारण दुसरा शाळेतून उठला. शिक्षणाचा खर्च पूर्णपणे घरावर पडला की घराला आपल्याच लेकरांमधून निवड करावी लागते, ही या गोष्टीची दुसरी बाजू. आजही ती दिसते. मुलगा इंग्रजी शाळेच्या बसमध्ये चढतो आणि त्याच घरातली त्याची बहीण पायी जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते. त्या घराला कोणी दुष्ट म्हणू नये. त्या घराजवळ पंधराच रुपये असतात.

बी. ए. झालेल्या तरुणाकडून घराची अपेक्षा काय असणार? सरकारी नोकरी किंवा वकिली. गोपाळरावांनी पुण्यात कायद्याचा अभ्यास सुरू केलाही. पण पोटासाठी १८८५ साली न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ३५ रुपयांवर मास्तरकी धरली आणि तिथेच त्यांचा पाय अडकला.

त्या शाळेची हकीकत आजच्या वाचकाने मुद्दाम समजून घेण्यासारखी आहे, कारण ती खाजगी शाळा होती. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी ती १८८० च्या पहिल्या दिवशी काढली. आगरकर वर्षभराने आले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि पुढल्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज. खाजगी या शब्दाला तेव्हा त्यागाचा वास होता. सरकारी शाळा थोड्या आणि साहेबी थाटाच्या. तेव्हा शिकलेल्या तरुणांनी पोटापुरते घेऊन शिकवावे आणि शिक्षण स्वस्त करावे, ही कल्पना. सोसायटीचा आजीव सभासद व्हायचे म्हणजे सुमारे ७५ रुपयांवर वीस वर्षे काढायची आणि शेवटी ३० रुपये निवृत्तिवेतन घ्यायचे. गोखल्यांनी १८८६ साली ही शपथ घेतली. मोठ्या भावाने आठ रुपयांची फेड मोठ्या पगारात पाहिली असेल, तर त्याला हा निर्णय सोपा गेला नसणार. तरी त्याने संमती दिली.

आज खाजगी शाळा म्हटली की आपण संस्थाचालकाची गाडी पाहतो. पण एक गोष्ट तेव्हाही खरी होती आणि आताही आहे. खाजगी शाळा जेव्हा स्वस्त असते, तेव्हा तिचा फरक बहुधा शिक्षकाच्या पगारातून निघालेला असतो. गोखल्यांच्या पिढीने तो फरक शपथ घेऊन, मान ताठ ठेवून सोसला. आज विनाअनुदानित शाळेत चार-दोन हजारांच्या अनिश्चित पगारावर राबणारा पदवीधर तोच फरक सोसतो, पण त्याने कोणतीही शपथ घेतलेली नसते.

गोखले मुलांना इंग्रजी शिकवीत, गणित शिकवीत, पुढे फर्ग्युसनमध्ये इतिहास आणि अर्थशास्त्र. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक शाळाशाळांतून चालले आणि त्या पुस्तकाच्या मानधनाने पुढच्या आयुष्यात त्यांना मोठा आधार दिला. आजीव सभासदांनी बाहेरची मिळकत करावी का, बाहेरची कामे अंगावर घ्यावीत का, यावरून सोसायटीत वाद पेटले. त्यांत गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेणे हेही एक कारण होते. १८९० साली टिळक सोसायटीतून बाहेर पडले. पुढे चिटणीस म्हणून कॉलेजसाठी वर्गणी जमवायचे काम गोखल्यांकडे आले. सुट्ट्यांमध्ये ते गावोगाव, संस्थानोसंस्थान हिंडत. धनिकांच्या ओसरीवर बसून एकेक आकडा मिळवणे म्हणजे काय, हे त्यांना पुरते ठाऊक झाले.

माझ्या मते गोखल्यांच्या पुढच्या आयुष्याची किल्ली इथे आहे. उत्तम खाजगी शाळा कशी चालते हे त्यांना आतून माहीत होते. तिला किती पैसा लागतो, वर्गणी कुठवर पुरते, सरकारी अनुदान कितपत मिळते आणि एवढे सारे करून ती कोणत्या मुलांपर्यंत पोहोचते, हेही माहीत होते. ती पोहोचत होती शहरांतल्या, बहुतांशी वरच्या जातींतल्या, आधीच लिहिता-वाचता येणाऱ्या घरांतल्या मुलांपर्यंत. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे नेमके हेच मांडले होते. शेतकऱ्याच्या घामाचा पैसा सरकार वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर घालते आणि त्याच्या मुलांना साधी प्राथमिक शाळा मिळत नाही. ती बारा वर्षांपर्यंत सक्तीची करावी, अशी त्यांची मागणी होती. फुले आणि गोखले यांची घडण वेगळी, भाषा वेगळी. पण तीस वर्षांनी गोखले ज्या दारावर जाऊन उभे राहिले, ते दार फुल्यांनी आधी ठोठावलेले होते.

आकड्यांची दीक्षा गोखल्यांना न्यायमूर्ती रानड्यांनी दिली. सरकारी अहवाल आणि जमाखर्चाचे तक्ते पुढ्यात टाकायचे, टिपणे करून आणायला लावायची आणि एकेका विधानाला आधार विचारायचा, अशी ती शिकवणी वर्षानुवर्षे चालली. तिचे फळ १८९७ साली लंडनला दिसले. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे तिशीतल्या या मास्तराने दिलेली साक्ष उलटतपासणीतही टिकली.

१९०२ साली गोखले व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात गेले आणि त्याच वर्षी फर्ग्युसनमधली अध्यापकी संपली. मार्चमध्ये त्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. सरकार शिल्लक दाखवून समाधानात होते. गोखल्यांनी विचारले की देशात दुष्काळ पडले असताना तिजोरीत शिल्लक राहते, याचा अर्थ काय? याचा अर्थ कर गरजेपेक्षा जास्त घेतला जातो. अंदाजपत्रकाची शिल्लक म्हणजे भरभराट नव्हे, हे त्यांनी इतक्या नेमकेपणाने दाखवले की पुढे दरवर्षी त्यांच्या भाषणाची वाट पाहिली जाऊ लागली. मिठावरचा कर मणामागे अडीच रुपये होता. १९०३ पासून तो पायरीपायरीने उतरला आणि १९०७ मध्ये एक रुपयावर आला. त्यामागे इतरही कारणे होती, पण गोखल्यांचा सततचा रेटा त्यात निश्चित होता.

कर कमी करा म्हणणारे पुष्कळ असतात. घेतलेल्या कराचे काय करा, हे सांगणारे थोडे. गोखले दरवर्षी सांगत की लष्कर आणि रेल्वे यांच्याकडे वाहणारा पैसा प्राथमिक शाळांकडे वळवा. त्यासाठी त्यांनी जगातल्या देशांचे तक्ते मांडले. दर माणशी शिक्षणावरचा खर्च अमेरिकेत १६ शिलिंग, इंग्लंडात १० शिलिंग आणि हिंदुस्थानात जेमतेम एक पेनी. बारा पेनींचा एक शिलिंग. म्हणजे इंग्लंडात एका माणसामागे जो खर्च होई, त्याचा एकशेविसावा हिस्सा त्याच राज्यकर्त्यांच्या हिंदुस्थानात होई.

इंग्लंडशी तुलना नको, तो देश श्रीमंत, असे उत्तर येणार हे त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी बडोद्याकडे बोट दाखवले. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला होता आणि १९०६ साली तो सगळ्या संस्थानात लागू केला. बडोद्यात लोकसंख्येच्या ८.६ टक्के मुले प्राथमिक शाळेत होती, ब्रिटिश मुलखात १.९ टक्के. बडोदा माणशी साडेसहा पेन्स खर्च करीत होता, इंग्रज सरकार एक. माणसे तीच, शेती तीच, पाऊसही तोच. फरक होता तो फक्त तिजोरी कोणासाठी उघडायची या निर्णयात.

१८ मार्च १९१० रोजी गोखल्यांनी मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा ठराव मांडला. विचार करण्याचे आश्वासन मिळाल्यावर तो मागे घेतला. त्याच वर्षी सरकारने शिक्षणाचे स्वतंत्र खाते काढले. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले.

ते विधेयक आज वाचताना त्याच्या भीडस्तपणाचे नवल वाटते. सक्ती सगळ्या देशावर नव्हती. ज्या नगरपालिकेला किंवा जिल्हा बोर्डाला हवी असेल तिने, तिच्या हद्दीत ठरावीक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात असतील तरच, आणि तेही सरकारची मंजुरी घेऊन, सक्ती लागू करायची. वय सहा ते दहा. आधी मुलगे, मुलींचा विचार मागाहून. मैलाच्या आत शाळा नसेल तर सक्ती नाही. ज्या बापाची मिळकत महिना दहा रुपयांच्या आत, त्याच्या मुलाला फी माफ. मुलाला मान्यताप्राप्त शाळेत धाडायचे एवढाच कायद्याचा आग्रह. शाळा अमुकच हवी अशी जबरदस्ती नव्हती. खर्चाचे दोन तृतीयांश सरकारने द्यायचे, एक तृतीयांश स्थानिक संस्थेने, आणि त्यासाठी तिला शिक्षणपट्टी बसवता यावी.

हिशेबही तयार होता. सहा ते दहा वयाचे सुमारे सव्वाशे लाख मुलगे, दर मुलामागे वर्षाला पाच रुपये. त्यातून चालू खर्च वजा केला की वाढीव बोजा सुमारे साडेचार कोटींचा. त्यातले सरकारच्या वाट्याला तीन कोटी आणि तेही एकदम नव्हे, दहा वर्षांत हळूहळू चढत जाणारे. मास्तरकीत वर्षानुवर्षे मुरलेल्या माणसाने मांडलेले हे गणित होते. ते चुकले असे कोणी ठामपणे म्हणू शकले नाही.

तरी विरोध झाला, आणि तो चहूकडून झाला. बहुतेक प्रांतिक सरकारांचे अभिप्राय प्रतिकूल आले. लोकांची मागणीच नाही, असे एक म्हणे. स्थानिक संस्थांना नवी पट्टी नको, असे दुसरा. गरिबाचे पोर शाळेत गेले तर त्याची मजुरी बुडेल, अशी कळकळ काहींना वाटली. शेतावर राबायला पोरे कुठून आणायची, ही जमीनदारांची काळजी त्या कळकळीच्या आड उभी होती. विरोध करणारे सारे गोरे नव्हते, हे लक्षात ठेवले पाहिजे. आपल्यांतल्याही मोठ्या मंडळींना शिक्षण आपल्या घरापुरते पुरेसे वाटत होते. पाठीशी उभे राहिलेल्यांत मुंबईचे बॅरिस्टर जिना होते, पंडित मालवीय होते. टिळक त्या वेळी मंडालेच्या तुरुंगात होते.

एक आक्षेप मात्र विचार करायला लावणारा होता. सरकारी बाजू म्हणे, आहेत त्या शाळांना धड इमारती नाहीत, मास्तर शिकलेले नाहीत, त्यांना पगार नाही. आधी ते सुधारा, मग संख्या वाढवा. गोखल्यांचे मत उलट होते. निरक्षरता हटवणे पहिले, दर्जा त्यानंतरचा. साधी, अपुरी शाळासुद्धा शाळा नसण्यापेक्षा बरी, आणि आधी चांगल्या शाळा, मग सर्वांना शाळा, असे म्हणणाऱ्याच्या तोंडून दुसरा भाग कधी येत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

मला वाटते, त्या वेळेपुरते गोखले बरोबर होते. पण त्यांच्या म्हणण्याचा दुसरा अर्धा भाग आपण पुढे सोयीस्करपणे विसरलो. आधी संख्या, मग दर्जा, यातला मग हा शब्द वर्षानुवर्षे लांबणीवर पडला. पटावर नावे चढली, खोल्या बांधल्या, आणि एका गुरुजींपुढे चार इयत्ता बसवल्या. ज्या बापाला हे दिसले आणि ज्याच्या खिशात थोडे पैसे होते, तो आपले मूल घेऊन बाहेर पडला. त्याला दोष कसा द्यावा? पण तो गेल्यावर त्या शाळेसाठी ग्रामसभेत ओरडणाराही एक जण कमी झाला. ज्यांचा आवाज कोणी ऐकत नाही, त्यांची मुले तेवढी मागे राहिली.

१९ मार्च १९१२ रोजी मत घेतले गेले. विधेयक समितीकडे सोपवावे या बाजूने १३, विरुद्ध ३८. कायदेमंडळात सरकारी सभासदांचे बहुमत असल्याने निकाल ठरलेलाच होता आणि गोखल्यांनाही तो आधीच माहीत होता. अपयशातूनही सेवा घडते, या त्यांच्या श्रद्धेची ही खरी परीक्षा होती. मधुमेहाने शरीर पोखरले होते. त्याच वर्षी ते दक्षिण आफ्रिकेत गांधीजींच्या लढ्यासाठी गेले, मग सरकारी नोकऱ्यांच्या आयोगावर राबले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अठ्ठेचाळीस.

गोष्ट इथे संपत नाही. ज्या कागलने गोविंदरावांना पंधरा रुपयांची नोकरी दिली, त्याच कागलच्या घाटगे घराण्यातला मुलगा दत्तक जाऊन कोल्हापूरचा छत्रपती झाला होता. शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांसाठी सक्तीचा कायदा मंजूर करून घेतला. त्यानंतर स्वातंत्र्य आले, घटना आली. १९५० च्या घटनेच्या ४५ व्या कलमाने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण द्यावे असे सांगितले. दहा वर्षे गेली, चाळीस गेली. १९९३ साली उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो मुलांचा मूलभूत हक्क ठरवला, २००२ साली घटनादुरुस्ती झाली, २००९ मध्ये कायदा झाला आणि तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. गोखल्यांच्या ठरावाची तारीख १८ मार्च १९१०. बरोबर शंभर वर्षे आणि चौदा दिवस.

या कायद्यात गोखल्यांच्या मसुद्याच्या सावल्या दिसतात. तिथे मैल होता, इथे लहान मुलांसाठी एक किलोमीटर. प्राथमिक वर्गांत तीस मुलांमागे एक शिक्षक, वरच्या वर्गांत पस्तिसांमागे एक, असे प्रमाण आता कायद्याने ठरले आहे. खाजगी शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी आहेत आणि त्यांची फी सरकारने भरायची आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने किलोमीटरभरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला यातून सूट देणारा नियम काढला. जुलैमध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द केला. दुसरीकडे २०१७ च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेवर शाळा जवळच्या शाळांत मिळवण्याचा निर्णय झाला होता. पट कमी म्हणून शाळा बंद, आणि शाळेकडे लक्ष नाही म्हणून पट कमी. यातले आधी कोणते, हे विचारायला कोणी थांबत नाही. राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के शिक्षणावर घालावेत असे कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सुचवले होते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तोच आकडा उद्दिष्ट म्हणून पुन्हा लिहिला. चोपन्न वर्षे उलटल्यावरही तो उद्दिष्टच राहिला होता.

ग्रामीण शाखेत नोकरी करताना जूनच्या तोंडावर सोने तारण कर्जाच्या काउंटरवर गर्दी होई. बरीचशी बी-बियाण्यांसाठी. पण दरवर्षी त्यात शाळेच्या फीसाठी आलेल्या बाया वाढत गेल्या. मंगळसूत्राच्या वाट्या वजनकाट्यावर ठेवताना त्या कौतुकाने सांगत की पोराला इंग्रजी शाळेत घातले आहे. त्यांच्या डोळ्यांतला आनंद खोटा नव्हता. गोखल्यांच्या वहिनींच्या डोळ्यांतही तो असाच असेल. पण मधे शंभरावर वर्षे गेली होती, देश स्वतंत्र झाला होता, आणि चांगली शाळा मिळवायला बाईला अजून दागिनाच काढावा लागत होता. आपल्याला शाळा निवडता येते असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा दागिना असण्यालाच निवड म्हणत असतो.

खाजगी शाळा वाईट, असे गोखले कधी म्हणाले नसते. त्यांनी उमेदीची वर्षे तिलाच दिली. पण त्या अनुभवातून ते ज्या जागी आले, ती जागा आपण सोडू नये असे मला वाटते. त्याग, वर्गणी, आईबापांची फी यांतून एक चांगली शाळा उभी राहते, दहा राहतात, शंभरही राहतात. सगळ्या मुलांपुरती शाळा मात्र सगळ्यांच्या तिजोरीतूनच उभी राहते. आणि ती अशी असावी लागते की ज्याला दुसरीकडे जाणे परवडते, त्यालाही आपले मूल तिथे ठेवावेसे वाटेल. तिथे शिक्षक पुरेसे हवेत, वर्गात मुलांना नावाने ओळखता येईल इतकीच गर्दी हवी, आणि गावाने तिच्याकडे आपली म्हणून पाहायला हवे.

गोपाळला गोविंद मिळाला म्हणून हिंदुस्थानला गोखले मिळाले. त्या पिढीत आणखी किती गोपाळ असतील ज्यांना भाऊ नव्हता, किंवा भावाजवळ पंधरा रुपयेही नव्हते, त्यांची नोंद कोणत्याही वहीत नाही. गोखल्यांचे विधेयक त्या मुलांसाठी होते. भावाच्या पगारातून येणारे आठ रुपये सरकारच्या अंदाजपत्रकातून यावेत, एवढीच त्यांची मागणी होती. दरवर्षी अंदाजपत्रक येते. त्यातले शिक्षणाचे पान आपण किती जण उघडतो?